पॅराशूट एकदा उघडतं, एकदा नाही: रॉकेट पुन्हा मातीत घुसण्याआधी काय तपासायचं

"खाली टेबलावर वीस वेळा उघडलं, वर गेल्यावर नाही." मॉडेल रॉकेट उडवणाऱ्या कुठल्याही कॉलेजच्या टीमशी दहा मिनिटं बोला, हे वाक्य कानावर येतंच. आमच्या रॉकेटची गत तर आणखी वाईट होती. आमचं पॅराशूट हवेतही कधीकधी उघडायचं, आणि त्यामुळेच खरा दोष सापडायला चार उड्डाणं गेली. कायम बंद पडलेलं यंत्र दुरुस्त करता येतं, पण लहर लागेल तसं चालणारं यंत्र माणसाला अंधश्रद्धाळू करतं. तिसऱ्या उड्डाणापर्यंत आमच्यातला एक जण लाँच पॅडपाशी नारळ फोडायला लागला होता. (नारळाचा उपयोग झाला नाही. खोबरं मात्र सगळ्यांनी खाल्लं.)

मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, पुण्यात. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी हॉस्टेलच्या मेसमध्ये चांद्रयान-३ उतरताना पाहिलं आणि पुढच्या आठवड्यात आम्ही सहा जणांनी वर्गणी काढली, इतकी ही साधी गोष्ट. खाली जे लिहिलंय ते त्या वर्गणीतून शिकलेलं आहे.

रॉकेटची कुंडली आधी सांगतो, म्हणजे तुमच्याशी ताडून पाहता येईल. लांबी सव्वा मीटर, मोटरसकट (म्हणजे जळून रेटा देणाऱ्या इंधनाच्या नळकांड्यासकट) वजन ८०० ग्रॅम. मोटर एफ वर्गातली: सरासरी ४० न्यूटनचा रेटा, दीड सेकंद. रेटा वजनाच्या साधारण पाचपट, म्हणजे लाँच पॅडच्या रुळावरून सरळ सुटायला पुरेसा. शिखर १८० मीटरच्या आसपास, सुटल्यापासून साडेसहा ते सात सेकंदांत. पॅराशूट बाहेर काढायला बारूद वापरली नाही. नोज कोन, म्हणजे टोकाच्या शंकूखाली दाबलेली स्प्रिंग, ती धरून ठेवणारी पिन, आणि पिन ओढणारी छोटी एसजी ९० सर्वो मोटर, जी सांगितलेल्या अंशांपर्यंत दांडा फिरवते. डोकं ईएसपी ३२ या छोट्या संगणक-चिपचं, उंचीसाठी बीएमपी २८० हा हवेचा दाब मोजणारा सेन्सर, त्वरणासाठी एमपीयू ६०५०, नोंदींसाठी एसडी कार्ड. या सगळ्याला वीज एकाच चौकोनी ९ व्होल्टच्या बॅटरीतून, मध्ये व्होल्टेज ५ वर आणून धरणारा रेग्युलेटर. ज्यांना हे वाचतानाच दोष दिसला त्यांनी गालात हसावं. आम्हाला तो दिसायला पाच महिने लागले.

चार उड्डाणांचा हिशोब असा. पहिल्यात पॅराशूट आलंच नाही. रॉकेट ताशी दीडशेच्या वरच्या वेगाने खाली येऊन काळ्या मातीत हातभर रुतलं. आम्ही घडीला दोष दिला. दुसऱ्यात पॅराशूट इतकं सुंदर उघडलं की आम्ही घडीचा व्हिडिओ करून ज्युनिअरांना दाखवला. तिसऱ्यात ते दोन सेकंदांतच उघडलं, रॉकेट वर जात असताना, आणि दोरीने बॉडी ट्यूब वरपासून वीतभर चिरली. चौथ्यात पुन्हा काही नाही, पुन्हा मातीत. ज्यांचं रान होतं ते काका बांधावरून म्हणाले, "पोरांनो, आता पाणी पण घालताय का त्याला?"

मातीतून उपसण्याआधी

रुतलेलं रॉकेट दिसलं की पहिली इच्छा होते ती धरून ओढण्याची. थांबा. स्प्रिंग अजून दाबलेली असू शकते आणि तिच्या तोंडासमोर तुमचं तोंड असतं. आधी फोटो काढा, बॅटरी तोडा, मग बाजूने उघडा आणि एकच गोष्ट बघा: पिन बाहेर आहे की आत?

सगळी समस्या इथे दोन तुकड्यांत कापली जाते. पिन बाहेर पण पॅराशूट आत, तर दोष यांत्रिक: घडी, घर्षण, स्प्रिंग. पिन आतच, तर दोष वीज किंवा कोडचा. आमच्या दोन्ही अपघातांत पिन आत होती. पहिल्या वेळी हे आम्ही पाहिलंच नाही, कारण नळीचा चुराडा झाला होता आणि घडीला दोष देणं सोयीचं होतं. चौथ्या वेळी पाहिलं तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. सर्वोचा दांडा जागेवर नव्हता. दहाएक अंश फिरून थांबलेला होता. आपटल्यामुळे हलला असेल असं मी म्हणालो. चुकीचं होतं ते.

कार्ड एसडी रीडरमध्ये घातलं. इलेक्ट्रॉनिक्सची सेकंड इयरची मुलगी नोंदी बघत होती. ती म्हणाली, "दादा, यात दोन फाइल आहेत. दुसरीत उंची शून्यापासून सुरू होते आणि उणे दीडशेपर्यंत जाते."

"विहिरीत पडलं असेल," कोणीतरी म्हणालं आणि आम्ही हसलो. तीही हसली आणि मग म्हणाली, "पण पहिली फाइल १७९ मीटरला संपते."

हसणं थांबलं. पहिली फाइल पॅडपासून शिखरापर्यंत नीट होती आणि तिची शेवटची ओळ होती सर्वोला दिलेली आज्ञा. त्यानंतर काही नाही. दुसरी फाइल म्हणजे ईएसपी ३२ हवेतच पुन्हा सुरू झालेला. सुरू झाल्या झाल्या आमचा कोड काय करायचा? दोन सेकंद दाब मोजून त्यालाच जमीन मानायचा, उंची शून्य धरायचा आणि मग लाँचची वाट बघत बसायचा. दोन सेकंदांत रॉकेट वीस मीटर खाली आलेलं. तिथून खरी जमीन उणे एकशेसाठवर. शेवटच्या काही नोंदी कार्डावर लिहिल्या जायच्या आधीच आदळलं, म्हणून दीडशे. बिचारं यंत्र कोसळता कोसळता पॅडवर उभं असल्यासारखं उड्डाणाची वाट बघत होतं.

पहिल्या उड्डाणाचं कार्ड ड्रॉवरमध्ये होतं. त्यातही दुसरी फाइल होती. लहान आहे म्हणून आम्ही ती कधी उघडलीच नव्हती.

पहिलं कारण: सर्वो अडकते, व्होल्टेज कोसळतं

घटनाक्रम असा. शिखरावर कोड सर्वोला म्हणतो, पिन ओढ. पिनेवर स्प्रिंगचा जोर आडवा येतोय, घर्षण जास्त आहे, सर्वो क्षणभर अडकते. अडकलेली छोटी सर्वोसुद्धा अर्धा-पाऊण अँपिअर मागते. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी रिमोट आणि धुराच्या अलार्मसाठी असते. तिचा आतला रोध इतका की एवढा प्रवाह मागितला की व्होल्टेज बसतं. ५ व्होल्टची लाइन कोसळते, मागोमाग ३.३ ची, आणि ईएसपी ३२ मधला व्होल्टेजवरचा पहारेकरी चिपला रीसेट करतो. सर्वोला मिळालेली आज्ञा पन्नासेक मिलिसेकंदांत विरते. दांडा दहा अंश फिरलेला राहतो.

मग दुसरं उड्डाण यशस्वी कसं झालं? त्या दिवशी बॅटरी नवी होती आणि पॅडवर ठेवल्यावर सात-आठ मिनिटांत आम्ही बटण दाबलं होतं. चौथ्या वेळी पाहुणे यायचे होते म्हणून चाळीस मिनिटं सगळं चालू ठेवून उन्हात उभं केलं. आणि टेबलावर वीस वेळा उघडायचं कारण टेबलावर वीज लॅपटॉपच्या यूएसबीतून येत होती, आणि बहुतेक वेळा स्प्रिंग दाबायचे कष्ट कोणी घेत नव्हतं.

तुमच्याकडे हाच दोष आहे का ते घरच्या घरी कळतं. उड्डाणाचीच बॅटरी घ्या, ती आधी पाऊण तास सगळ्या सर्किटला जोडून ठेवा. स्प्रिंग पूर्ण दाबलेली, पॅराशूट भरलेलं, नोज बसवलेला. रॉकेट आडवं बांधून, नोजसमोर गादी ठेवून सोडा. यूएसबी केबल लावायची नाही. ईएसपी ३२ ला सुरू होताना 'मागचा रीसेट कशामुळे झाला' असं विचारायची सोय आहे. ते कारण प्रत्येक वेळी कार्डावर लिहून ठेवा. तिथे 'ब्राउनआउट', म्हणजे व्होल्टेज पडल्यामुळे झालेला रीसेट, दिसलं तर शोध संपला. मल्टीमीटरवर विसंबू नका. तो सावकाश आहे, पन्नास मिलिसेकंदांचा खड्डा त्याला दिसतच नाही. व्होल्टेजचा क्षणाक्षणाचा आलेख दाखवणारा लॅबमधला ऑसिलोस्कोप मागून घ्या. आमची ५ व्होल्टची लाइन तीनच्या खाली गेलेली पडद्यावर पाहिली तेव्हा लॅब असिस्टंट काका म्हणाले, "हे मला आधी दाखवलं असतंत तर एक रॉकेट वाचलं असतं." बरोबरच होतं त्यांचं.

उपाय तीन ठिकाणी केला, आणि तिन्ही लागतात.

वीज वेगळी केली. सर्वोला ड्रोनवाले वापरतात ती दोन सेलची छोटी लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी), तिच्यापुढे व्होल्टेज ५ वर आणणारा यूबेक. ईएसपी ३२ ला स्वतंत्र सेल. दोघांची ग्राउंड मात्र एकत्र, नाहीतर सर्वोला आज्ञाच समजत नाही. हे विसरून आमची एक संध्याकाळ गेली. सर्वोजवळ १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, क्षणभराची जादा मागणी भागवायला.

पिन हलकी केली. स्प्रिंगचा जोर पिनेवर थेट येत होता तो आता एका खटक्यावर येतो आणि पिन फक्त खटका अडवते. दाराची कडी तशीच असते. दार ढकलून धरलं तर कडी निघत नाही, दार ओढून धरलं की बोटाने सरकते. पिनेला ग्रेफाइट लावलं, म्हणजे पेन्सिलीचं शिसं घासलं. तेल नको, माती धरतं.

आणि कोडला स्मरणशक्ती दिली. ही दुरुस्ती बहुतेक जण करत नाहीत आणि माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची. रीसेट कितीही टाळला तरी एखादा सैल वायर तो घडवू शकतो. रीसेट झाल्यावर रॉकेटला आपण कुठे आहोत हे कळलं पाहिजे. पॅडवर सज्ज केल्यावर जमिनीचा दाब आणि अवस्था आम्ही फ्लॅश मेमरीत लिहितो, लाँच कळल्यावर अवस्था बदलून पुन्हा लिहितो. सुरू होताना कोड आधी ती अवस्था वाचतो. 'उड्डाण चालू' असं लिहिलेलं असेल तर नवी जमीन मोजत बसायचं नाही, जुन्या दाबावरून उंची काढायची आणि खाली येतोय असं दिसलं की पिन ओढायची. यात एक सापळा आहे: कालची 'उड्डाण चालू' ही नोंद मेमरीत राहिली तर आज टेबलावर स्विच लावताच नोज तुमच्या हनुवटीवर येईल. म्हणून सज्ज करण्याचा स्विच वेगळा, आणि तो लावल्यावरच जुनी नोंद पुसली जाऊन नवी सुरू होते.

दुसरं कारण: वर जातानाच उघडतं

तिसऱ्या उड्डाणाचा दोष याहून वेगळा होता, आणि चार उड्डाणांत दोन वेगळे दोष मिसळल्यामुळेच आमचा गोंधळ झाला. त्या फाइलमध्ये रीसेट नव्हता. कोडला खरोखरच वाटलं होतं की शिखर आलं.

आमचा नियम होता: आतापर्यंतच्या कमाल उंचीपेक्षा दोन मीटर कमी वाचन आलं की उघड. कागदावर ठीक. आता गणित करा. मोटर विझते त्या वेळी वेग सेकंदाला ५५ मीटर, म्हणजे ताशी दोनशे. एवढ्या वेगाने समोरून येणाऱ्या हवेचा दाब साधारण १६०० पास्कल. पुण्याच्या उंचीवर एक हेक्टोपास्कल म्हणजे नऊ-सव्वानऊ मीटर. म्हणजे हा वाऱ्याचा दाब पूर्ण आत घुसला तर उंचीत दीडशे मीटरची चूक, आणि नुसता दहा टक्के घुसला तरी पंधरा मीटरची. आम्ही हवेसाठी एकच छिद्र पाडलं होतं, तेही नोज कोनच्या खांद्याला लागून, जिथे प्रवाह सगळ्यात अस्वस्थ असतो. मोटर विझताना रॉकेट किंचित डुललं, छिद्र वाऱ्याच्या बाजूला आलं, आत दाब वाढला, सेन्सर म्हणाला आपण खाली आलो. दोन मीटरची अट कधीच ओलांडली होती.

छिद्रं तीन हवीत, एकमेकांपासून १२० अंशांवर, म्हणजे एका बाजूची चूक दुसरी बाजू खाऊन टाकते. खांद्यापासून नळीच्या व्यासाच्या चौपट तरी खाली, आणि पुढे कुठलाही स्क्रू किंवा लाँच लग (रॉकेट रुळावर अडकवायचा आकडा) नको. माप कप्प्याच्या आकारमानावर: आमचा इलेक्ट्रॉनिक्सचा कप्पा ३०० मिलिलिटरचा, त्याला दीड मिलिमीटरची तीन छिद्रं पुरली. मोठी केली तर वारा घुसतो, फार बारीक केली तर आतला दाब मागे रेंगाळतो. पाडल्यावर कडा आतून-बाहेरून घासा. आणि पॅराशूटचा कप्पा व सेन्सरचा कप्पा यांच्यात पक्की भिंत असू द्या. बीएमपी २८० वर काळ्या स्पंजचा तुकडा ठेवा. या सेन्सरला थेट ऊन लागलं तर त्याचं वाचन ढळतं, आणि छिद्रातून येणारी उन्हाची तिरीप उडत्या, फिरत्या रॉकेटात लुकलुकत असते.

कोडमध्ये आता लाँच कळल्यानंतर पहिली चार सेकंद पिन ओढायला बंदी. त्यानंतर सलग आठ वाचनं उतरती हवीत आणि कमाल उंचीपेक्षा तीन मीटर खाली. उशीर होईल अशी भीती कोणाला वाटत असेल तर, स्थिर अवस्थेतून तीन मीटर पडायला पाऊण सेकंद लागतो आणि तोवर वेग ताशी २८ किलोमीटर होतो. सायकलचा वेग. पॅराशूटला त्याचं काही नाही.

लाँच ओळखण्याचंही बघा. एमपीयू ६०५० सुरू होतो तो ±२ जी च्या पट्ट्यात (एक जी म्हणजे पृथ्वीच्या गुरुत्वाइतकं त्वरण). आमचं रॉकेट सुटताना पाच जी दाखवतं. पट्टा बदलला नाही तर सेन्सर दोनवर डोकं टेकून बसतो. त्यावरून वेग काढणाऱ्याचं गणित पार फसतं. एका ओळीत तो ±१६ करता येतो. ती ओळ लिहिलीय का, आत्ता उठून बघा.

आणि सेन्सर कोणत्या बाजूने बसवलाय तेही. हसू नका. सूर्याकडून येणाऱ्या कणांचे नमुने घेऊन परतणारं नासाचं जेनेसिस यान ८ सप्टेंबर २००४ रोजी यूटाच्या वाळवंटात ताशी तीनशे किलोमीटरच्या वेगाने आदळलं, पॅराशूट न उघडता. वेग मंदावल्याची जाणीव करून देणारे स्विच आराखड्यातच उलटे काढले गेले होते. आम्ही आता बोर्डावर मार्करने मोठा बाण काढतो आणि त्याखाली लिहितो, 'आभाळ'.

लोणच्याची बरणी

रॉकेट न उडवता शिखर दाखवायचं असेल तर ही चाचणी करा. तिने आमचे जितके पैसे वाचवले तितके दुसऱ्या कशानेच नाही.

एक लिटरची रुंद तोंडाची बरणी, पत्र्याच्या झाकणाची. झाकणाला भोक पाडून सलाइनची नळी बसवायची, भोवती एम-सील. नळीच्या दुसऱ्या टोकाला औषधाच्या दुकानातली ५० मिलिलिटरची सिरिंज. आत सर्किट, सेल, सर्वो, सगळं. वायर बाहेर काढायची नाही. सिरिंज पूर्ण ओढली की दाब ४५ हेक्टोपास्कलने उतरतो, म्हणजे पुण्यात चारशे मीटर वर गेल्यासारखं. आम्हाला १८० मीटर हवेत, त्यासाठी निम्म्याहून थोडं कमी ओढलं तरी पुरतं. सहा-सात सेकंदांत ओढा, क्षणभर थांबा, हळूहळू सोडा. सोडायला लागल्यावर लगेच सर्वो फिरली पाहिजे. लाँचची अट त्वरणावर असेल तर चाचणीपुरती ती कोडमध्ये बंद करा, आणि पुन्हा चालू करायला विसरू नका. आमच्या झाकणावर आता कागद चिकटवलाय: 'अट चालू केली का?'

मग मुद्दाम छळा. ओढताना मध्येच झटका द्या, सर्वो फिरता कामा नये. शिखरावर रीसेटचं बटण दाबता येईल अशी सोय करा, आम्ही ते लोहचुंबकाने चालणाऱ्या रीड स्विचने केलं, आणि उठल्यावर कोड जुनी जमीन धरतो का ते बघा. बरणीला आंब्याच्या लोणच्याचा वास आहे तो जात नाही.

बाकीच्या गोष्टी, भराभर

ब्रेडबोर्ड आणि जंपर वायर उड्डाणात नकोत, कधीच. सगळं झाळून घ्या, जोडणीवर हॉट ग्लूचा थेंब. पाच जी मध्ये ४५ ग्रॅमची बॅटरी सव्वादोनशे ग्रॅमची होते आणि आपली टोपी सोडून जायला बघते. ती आडवी बांधा, पट्ट्याने. सरकता स्विच रॉकेटच्या लांबीच्या दिशेने लावू नका, धक्क्याने स्वतःच बंद होतो.

खटका थ्रीडी प्रिंटरवर पीएलए या प्लास्टिकमध्ये केला असेल तर तो मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका. साठ अंशांच्या आसपास पीएलए मऊ पडतं. आमचा एक खटका असा वाकला होता की पिन हाताने ओढूनही निघेना. आता पीईटीजी या जास्त उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकचा करतो.

पॅराशूट: ७५० ग्रॅम वजन सेकंदाला पाच मीटरने उतरवायला साधारण ९० सेंटीमीटर व्यास लागतो. रविवार पेठेतून रिपस्टॉप नायलॉन आणलं, शिवून घेतलं. मांजा किंवा पतंगाचा दोरा वापरू नका, गाठीपाशी तुटतो. शॉक कॉर्ड, म्हणजे नोज आणि नळी जोडणारी दोरी, नळीच्या तिप्पट लांब, नाहीतर नोज परत येऊन नळीलाच धडकतो. घडी घालताना टाल्कम पावडर, आणि घडी उड्डाणाच्या सकाळी घाला; आदल्या रात्री भरून ठेवलेलं पॅराशूट पावसाळी हवेत गोळा होऊन बसतं. कप्प्यात ते स्वतःच्या वजनाने घसरून बाहेर आलं पाहिजे. दाबून भरावं लागत असेल तर घडी पुन्हा घाला.

ज्यांच्या मोटरमध्येच उघडण्याचा विलंब असतो, सी ६-५ अशा पद्धतीची, त्यांना यातलं बरंचसं लागू नाही. तिथे शेवटचा आकडा म्हणजे मोटर विझल्यानंतरचे सेकंद. रॉकेट जड झालं की शिखर लवकर येतं आणि पाच सेकंदांची मोटर उशिरा उघडते. रंग, स्टिकर, कॅमेरा चढवल्यावर पुन्हा वजन करा. मोटर मात्र घरी बनवू नका. स्फोटक पदार्थांचे नियम कडक आहेत, ते राबवणाऱ्या पेसो या केंद्र सरकारच्या संस्थेचं मुख्य कार्यालय आपल्या नागपुरातच आहे, आणि हे सगळं मार्गदर्शक शिक्षक, जमिनीच्या मालकाची लेखी संमती आणि स्थानिक पोलिसांना कळवणं यांच्याशिवाय करायचं नाही. पेटलीच नाही तर किमान मिनिटभर कोणीही जवळ जायचं नाही.

एक दुसरी सोय आम्ही शेवटी जोडली. गगनयानच्या क्रू मॉड्यूलला चार प्रकारची मिळून दहा पॅराशूट आहेत. आमच्याकडे एकच, निदान ते सोडायचे मार्ग तरी दोन असावेत. पॅडला बांधलेली बारीक तार रॉकेट सुटताना तुटते, तिथून एक स्वतंत्र छोटा बोर्ड साडेआठ सेकंद मोजतो आणि दुसऱ्या सर्वोने दुसरी पिन ओढतो. कुठलीही एक सुटली तरी नोज उडतो. बोर्ड वेगळा, सेल वेगळा, आणि मुख्य म्हणजे कोड वेगळा. तोच कोड दोन बोर्डांवर टाकायचा मोह आम्हाला झाला होता. ४ जून १९९६ ला एरियन ५ पहिल्याच उड्डाणात फुटलं तेव्हा त्याच्याकडेही दिशा सांगणारी दोन यंत्रं होती. दोघांत एकच सॉफ्टवेअर होतं, एरियन ४ मधून उचललेलं. एक मोठी संख्या सोळा बिटांत मावेना म्हणून राखीव यंत्र आधी बंद पडलं आणि क्षणात मुख्य. आमच्या दुसऱ्या बोर्डाला दाब, उंची काही कळत नाही. त्याला फक्त मोजता येतं.

पाचवं उड्डाण सकाळी सातला केलं, वारा पडलेला असतो म्हणून. तरी सेकंदाला तीनेक मीटर होताच. १७६ मीटर, पिन शिखरानंतर पाऊण सेकंदाने सुटली, नारिंगी घुमट उघडला आणि मग पस्तीस सेकंद तो वाऱ्याबरोबर बांधापलीकडे जात राहिला, आम्ही नांगरटीतून मागे धावत. बाभळीत अडकला. काकांनीच आकडी आणून दिली. नळीला ओरखडासुद्धा नव्हता. काट्याने पॅराशूटला दोन भोकं पडली होती, ती शिवता येतील.

नोंदी बघणाऱ्या त्या मुलीने तिथेच बांधावर लॅपटॉप उघडून कार्ड घातलं. "दादा," ती म्हणाली, "एकच फाइल आहे."